मार्गे कुपवाड

इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
कोण काय म्हणालं ते लिहिते,
कसं म्हणालं ते नाही.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते,
या तीन शब्दांत एकवीस वर्षं गेली.

त्या दिवशी विषय क्रमांक चार.
विजेवर चालणाऱ्या बस, नग बारा,
सांगली ते मिरज.
भूपाल मगदूम म्हणाले, छान.
इलाही मुतवल्ली बसल्या जागेवरून म्हणाले,
मिरज ते सांगली.

झालं.

चार्जिंगचा खांब कुठं रोवायचा, कुणी विचारेना.
विश्रामबागेत संध्याकाळी पोरं
तोंडाला रुमाल बांधून क्लासला जातात, त्याचंही नाही.
सव्वा तास पाटीवर गेला.
रेल्वे कुणाकडे थांबते,
बाजार कुणाचा मोठा,
आजारी पडलं की कोण कुणाच्या दवाखान्यात येतं,
हळद कुणाची, तंबोरा कुणाचा.
बोलता बोलता दोघंही
एकाच कागदातलं भडंग खात होते.
हे मी लिहिलं नाही.
पुराच्या वर्षी दूध वाटायला
दोघं एका होडीत बसले होते,
होडीला पाटी नव्हती,
हेही नाही.

मग शेवंता सरगर उठल्या.
सूतगिरणीत पंधरा वर्षं काढलेली बाई,
यंत्राच्या वर आवाज लावायची सवय,
माईक त्यांनी बाजूलाच सारला.
म्हणाल्या, तुमच्या दोघांच्या पाटीत
आमचं गाव कंसात असतंय.
बारीक अक्षरात. मार्गे कुपवाड.
मार्गे म्हंजे काय ओ?
आमच्यावरनं जायचं
आन् आमच्यासाठी थांबायचं न्हाई.
पाळी सुटती साडेअकराला.
तुमची शेवटची गाडी साडेनवाला.
मग दहा-दहा जणी एका वडापात.
धूर आत, बाया आत, काच खाली होत न्हाई.
ह्या कंसात एकदा बसून बघा.

पंख्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

मुतवल्ली जरा वेळानं म्हणाले,
माझा पुतण्या सतारीचे भोपळे नेतो बसमधून,
कंडक्टर भोपळ्याचं तिकीट मागतो.
मगदूम म्हणाले, पूर्ण?
अर्धं.
अख्खं सभागृह हसलं, आयुक्तसुद्धा.
सभा तिथंच वळली असावी,
नेमकी कुठल्या शब्दावर
ते मला बोट ठेवून दाखवता येणार नाही.

मिरजेनं जुन्या कोंडवाड्याची जागा दिली,
तिथं आता गाड्या रात्रभर चरतील, कुणीतरी म्हणालं.
सांगलीनं सकाळच्या दोन फेऱ्या सोडल्या.
सोडताना मगदूमांनी पेनचं टोपण
तीनदा लावलं, तीनदा काढलं,
वॉर्डात लोक काय म्हणतील ते त्यांना दिसत होतं.
पावणेबाराची गाडी कुपवाडहून.
सूचक मगदूम, अनुमोदक मुतवल्ली.
ही दोन नावं मी एका ओळीत
आजवर लिहिली नव्हती,
लिहून झाल्यावर पुन्हा वाचून बघितली.
पाटीचा विषय तहकूब.

तो अजून तहकूबच आहे.
बारांतल्या पाच गाड्याच आल्यात,
एकीचं दार अडतं.

परवा बहिणीकडे उशीर झाला
म्हणून मी पावणेबाराची धरली.
ड्रायव्हरनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून
काचेला आतून टेकवलं होतं,
मोठ्या अक्षरात
कुपवाड
आणि खाली, बारीक,
(सांगली, मिरज).

कुठल्याच ठरावात नाही हे.

गाडीला आवाज नाही,
म्हणून कंडक्टरही हळू बोलत होता.
पुढच्या सीटवर एक पोरगी झोपलेली,
केसांत कापसाचे तंतू.
तिचा थांबा आला तेव्हा
त्यानं बेल मारली नाही,
खांद्याला नुसतं तिकिटाच्या पॅडनं टेकलं,
आणि ती उठेपर्यंत
गाडी थांबून राहिली.